घरी रिकंबंट ट्राइक बनवताय? मग आधी स्टिअरिंग, बाकी सगळं नंतर

रिकंबंट ट्राइक म्हणजे मागे रेलून चालवायची तीनचाकी. पाठ टेकलेली, पाय पुढे, पेडल पायांसमोर, हात मांड्यांच्या बाजूला खाली. कंबरदुखीवाले, तोल जातो म्हणून सायकल सोडलेले, आणि आपल्यासारखे नुसतेच उद्योगी लोक हिच्या नादी लागतात, फोटो बघतात, मग बाहेरून मागवायचा खर्च बघतात आणि म्हणतात त्यात आहे काय, पाइपच तर आहेत, ओळखीच्या ग्रिलवाल्याकडून वेल्ड करून घेऊ. खरंय, पाइपच आहेत. पण घरी बनवलेली ट्राइक जेव्हा चालवायला नको वाटते, वीसच्या पुढे गेली की थरथरते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, टायर महिन्यात खाते, तेव्हा दोष बहुतेक वेळा दोनच पाइपांचा असतो, पुढच्या दोन चाकांच्या हेड ट्यूबचा, म्हणजे ज्यात फोर्कचा दांडा फिरतो त्या छोट्या पाइपांचा. सीट परत बनवता येते, बूम, म्हणजे पेडल धरणारा पुढचा पाइप, कापून लांब करता येतो, चेनची पुली हलवता येते, पण हेड ट्यूब चुकीच्या कोनात पक्क्या वेल्ड झाल्या की ग्राइंडरशिवाय उपाय नाही. म्हणून ह्या लेखात त्या दोन पाइपांवर जास्त बोलणार आहे आणि बाकीच्यावर कमी.

दोन चाकं पुढे की मागे

रिक्षासारखी एक पुढे दोन मागे ती डेल्टा, आणि दोन पुढे एक मागे ती टॅडपोल. पहिल्यांदा बनवत असाल तर टॅडपोल करा. डेल्टाला स्टिअरिंग सोपं पडतं हे मान्य, पण मागच्या दोन चाकांना ताकद कशी द्यायची, दोन्ही फिरवायची की एकच, हा वेगळा उद्योग होतो. टॅडपोलमध्ये मागचं चाक, फ्रीव्हील, डिरेलर सगळं साध्या गिअरच्या सायकलचं जसंच्या तसं बसतं, ब्रेक पुढच्या दोन चाकांना लागतात जिथे ब्रेक मारल्यावर वजन जातं, आणि वळणावर बसकण चांगली.

सुटे भाग मात्र सायकलच्या दुकानात आयते मिळतील ही आशा सोडा. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच रायडरने शार्ल मोशे ह्या फ्रेंच माणसाने बनवलेल्या रेललेल्या दुचाकीवर तासाभरात ४५ किलोमीटरच्या वर जाऊन रेकॉर्ड मोडला, आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतीतून बाहेरच काढलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी ह्या प्रकाराकडे फारसं बघितलं नाही. ट्राइक पुढे नेली ती ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनस्पीड, इंग्लंडमधल्या आयसीई, अमेरिकेतल्या कॅट्राइक असल्या छोट्या कारखान्यांनी. त्यांच्या ट्राइकचे बाजूने, वरून आणि समोरून काढलेले फोटो साठवून ठेवा, चाकाजवळचं नीट बघा, पुढे फार उपयोगी पडतात.

वेल्डिंगच्या आधी जमिनीवर खडूने

गॅरेजच्या किंवा गच्चीच्या फरशीवर खऱ्या मापाचं चित्र काढा. सुरुवातीला हे आकडे धरा: पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत १०२० मिलिमीटर (हा व्हीलबेस), पुढच्या दोन टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ७५० (हा ट्रॅक), सीटचा खालचा भाग जमिनीपासून २८० च्या आसपास, पाठीचा कोन जमिनीशी ४० ते ४५ अंश. मुख्य बीमची, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या मधल्या पाइपची, जमिनीपासून मोकळी जागा दीडशे मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, आपल्या सोसायट्यांतले स्पीडब्रेकर काही कोणत्या मापात बसत नाहीत.

आता सीट पुढे-मागे कुठे, हा खरा प्रश्न. एक जाड लांब फळी घ्या, पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या जागी खाली दोन टेकू द्या, मागच्या टेकूखाली घरातला वजनकाटा ठेवा आणि फळीवर ट्राइकच्या पोझिशनमध्ये बसा, पाय पुढे फळीवरच ठेवलेल्या खोक्यावर. काट्यावर तुमच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दिसला पाहिजे, म्हणजे उरलेलं दोन तृतीयांश पुढच्या चाकांवर. हे इतकं महत्त्वाचं का ते आकड्यात सांगतो. तुमचा आणि ट्राइकचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५० मिलिमीटरवर आहे असं धरा. ट्रॅकचा अर्धा ३७५, त्याचा पुढच्या वजनाइतका हिस्सा म्हणजे साधारण २५०, त्याला ४५० ने भागलं की ०.५६. म्हणजे वळणावर ०.५६ जी, म्हणजे वजनाच्या ०.५६ पट, एवढा बाजूचा जोर आला की आतलं चाक उचलणार. सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर हे वीस-एकवीस किलोमीटर वेगाला होतं, शरीर आत झुकवलं तर थोडं उशिरा. मग कोणी म्हणेल सीट पुढे घेऊ, पुढे ८० टक्के वजन ठेवू, वळणाला अजून घट्ट. होईल, ०.६७ पर्यंत जाईल, पण मग ब्रेक मारल्यावर मागचं चाक ०.४५ जी लाच उचलायला लागेल, दोन तृतीयांशवर तेच ०.७५ होतं. उतारावर कुत्रं आडवं आलं की कुठला आकडा बरा ते तुम्हीच ठरवा.

बस-ट्रकच्या मध्ये फार खाली बसायला भीती वाटते म्हणून काही जण सीट वर घेतात. घ्या, पण ट्रॅक त्या हिशोबाने रुंद करा, नाहीतर वरचा ०.५६ सरळ खाली येतो. आणि ट्रॅक ८५० च्या पुढे गेला की सोसायटीच्या छोट्या गेटातून आणि दारातून आत घेताना रोज वैताग.

सामान

भंगारातून लहान मुलांच्या वीस इंची सायकली घ्या, दोन, आणि दोन्ही एकाच मॉडेलच्या. ह्यातून दोन सारख्या हेड ट्यूब, त्यांच्या टोकांच्या बेअरिंगच्या कोन-कटोऱ्या, फोर्कचे दांडे, पुढचे दोन रिम असं सगळं निघतं. सारख्याच का, तर एका बाजूची हेड ट्यूब १०० मिलिमीटर आणि दुसरी ११५ असली की सगळी मापं डोक्यात डबल ठेवावी लागतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०६ लिहिलंय ना ते बघा. वीस इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या रिम सगळ्या एका मापाच्या नसतात, ४५१ सुद्धा वीस इंचच म्हणवते. ४०६ ला टायर कुठेही मिळतो. तिसरी एक गिअरची सायकल, तिचा मागचा भाग, बीबी (क्रँक फिरते ते बेअरिंग), क्रँक आणि शिफ्टर.

मुख्य बीमला ४० बाय ४० चा दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो, मीटरला साधारण २.४ किलो भरतो. सहा मीटरची लेंथ मिळते, निम्म्याहून जास्त उरेल, उरू द्या, टेस्ट वेल्डिंगला लागतो. बूम सरकता ठेवायचा असेल तर एका पाइपात दुसरा जातो का हे दुकानातच घालून बघा, आतल्या बाजूला वेल्डची शिवण असते ती अडते, कानशीने घासावी लागते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घेऊ नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाले स्वतःच सांगतील.

रॉड एंड म्हणजे टोकाला गोल बेअरिंग असलेले बोल्ट, एम ८ चे चार नग लागतील, त्यात एक उलट्या आट्याचा. का ते पुढे येईल. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, अशा कुठल्याही बाजारात बेअरिंगवाल्याकडे विचारा.

हब आणि एक्सल, इथे काटकसर नको

साध्या सायकलच्या पुढच्या चाकाला एक्सल दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. ट्राइकमध्ये एकाच बाजूने. त्यात वळणावर पुढचं जवळपास सगळं वजन बाहेरच्या चाकावर येतं, आणि वर आपले खड्डे. सायकलचा नऊ-दहा मिलिमीटरचा एक्सल असा वापरला तर तो वाकणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे १० चा १५ केला की तिपटीहून जास्त, १२ चा २० केला की साडेचार पटीहून जास्त. १२ मिलिमीटर चांगल्या स्टीलचा असेल तर हलक्या माणसाला चालतो, मी पंधराच सुचवेन.

टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, जाऊन हब बनवून घ्या. १५ चा एक्सल असेल तर ६२०२ बेअरिंग, २० चा असेल तर ६००४, दोन-दोन प्रत्येक चाकात आणि दोन्हींमध्ये जमेल तेवढं अंतर. एक्सलला ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा बार घ्या, पण तो थेट फ्रेमच्या पट्टीला वेल्ड करू नका, वेल्डच्या शेजारी तो ठिसूळ होतो आणि एक दिवस सरळ तुटतो. साध्या एमएसचं (माइल्ड स्टीलचं) बुश वेल्ड करा आणि एक्सल त्यात घट्ट बसवून मागून नटाने आवळा. मग एक्सल बदलायची वेळ आली तरी फ्रेमला हात लावावा लागत नाही. डिस्क ब्रेक लावणार असाल तर डिस्कची बैठक ह्याच वेळी टर्नरला सांगा, दोन्ही चाकांना आतल्या बाजूला.

स्टिअरिंगचे चार आकडे

चाक ज्या रेषेभोवती वळतं ती हेड ट्यूबमधली रेषा, तिला किंगपिन म्हणू.

पहिलं, किंगपिनचा आतला कल. समोरून बघितलं तर किंगपिनची रेषा खाली वाढवल्यावर ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या बरोबर मध्यावर लागली पाहिजे. हे नाही झालं तर एका चाकाचा ब्रेक थोडा जास्त लागला किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की हँडल हातातून ओढलं जातं. हे झालं की एका हाताने एकच ब्रेक मारला तरी ट्राइक बऱ्यापैकी सरळ थांबते. कोन काढायचा कसा? एक्सलच्या उंचीवर किंगपिनपासून टायरच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजा, समजा ६० मिलिमीटर. चाकाची त्रिज्या, २० बाय १.७५ टायरची साधारण २४८. साठ भागिले २४८, कोन येतो साडेतेरा अंशांच्या जवळ. सोळा इंची चाक असेल, ३४९ ची रिम, तर त्रिज्या कमी म्हणून तोच कोन सोळाच्या जवळ जातो. हब जितका रुंद तितका हा कोन मोठा, म्हणून टर्नरला हब उगाच लांबलचक करू देऊ नका, आणि हब हातात आल्याशिवाय हा कोन ठरवूही नका.

दुसरं, कॅस्टर. बाजूने बघितलं तर किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, त्यामुळे तिची रेषा जमिनीला टायरच्या थोडी पुढे लागते आणि चाक त्या बिंदूच्या मागे मागे येतं, मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकासारखं. ह्यानेच हँडल सोडलं तरी ट्राइक सरळ जाते. बारा अंश धरा, २४८ त्रिज्येला जमिनीवर साधारण ५३ मिलिमीटरचं अंतर येतं. पाच-सहा अंशांवर वेगात ट्राइक चंचल वाटते, अठराच्या पुढे हँडल जड होतं आणि वळवताना पुढचा भाग वरखाली होतो. दोन्ही बाजूंना कॅस्टर सारखा असणं हे तो अकरा की तेरा ह्याच्यापेक्षा महत्त्वाचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कॅस्टर जमिनीच्या हिशोबाने मोजतात, फ्रेमच्या नाही. एक मीटरच्या व्हीलबेसला मागचा एक्सल १७-१८ मिलिमीटर वर गेला की कॅस्टर एक अंशाने कमी होतो. म्हणजे फ्रेम वीस इंची मागच्या चाकाच्या हिशोबाने बनवली आणि नंतर हौसेने सव्वीस इंची घातलं तर साडेचार-पाच अंश कॅस्टर गेला. उलट, वेल्ड झाल्यावर कॅस्टर थोडा कमी-जास्त वाटला तर मागचा ड्रॉपआउट, म्हणजे मागचा एक्सल बसतो ती खाच, वरखाली करून दुरुस्त करायचीही हीच एक स्वस्त वाट आहे.

तिसरं, अकरमन. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, त्यामुळे आतलं जास्त वळायला हवं, नाहीतर एक टायर घासत जातो. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली, म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरची, १८१८ मध्ये अकरमनने तिचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि नाव त्याचं राहिलं. करायची पद्धत सोपी आहे. किंगपिनमधून मागच्या चाकाच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, दोन्ही बाजूंनी. चाकं सरळ असताना स्टिअरिंगच्या हाताचं, म्हणजे आर्मचं, रॉड जोडायचं भोक वरून बघितल्यावर ह्या दोरीवर आलं पाहिजे. आपल्या मापांना, किंगपिनांमध्ये ६३० आणि व्हीलबेस १०२०, हा आर्म सरळ रेषेपासून १७ अंश आत झुकलेला येतो. आर्म मागच्या बाजूला काढा, पुढे काढला तर त्याला बाहेर झुकावं लागतं आणि तिथे स्पोक आणि डिस्क असतात.

चौथं टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या टोकाला किंचित एकमेकांकडे वळलेली असणं, ते शेवटी, सगळं जोडून झाल्यावर. कँबर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, मुद्दाम वेगळा मोजत बसू नका, चाकं उभी ठेवा, किंवा वरून केसभर आत झुकलेली. बाहेर झुकलेली मात्र नकोत.

जिग आणि टॅक

दोन दिशांना तिरका पाइप कोनमापकाने धरायला गेलं की सगळे गोंधळतात, कारण समोरून साडेतेरा आणि बाजूने बारा हे एकदम धरता येत नाही. त्यापेक्षा कोन विसरा आणि दोन बिंदू धरा. हेड ट्यूबच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या गुटक्या घट्ट बसवून त्यातून एक मीटरभर सरळ सळई घाला, हलता कामा नये. आता सळईचं खालचं टोक फरशीवरच्या एका खुणेवर ठेवायचं: टायरच्या मध्यरेषेवर, आणि एक्सलच्या ओळंब्यापासून ५३ मिलिमीटर पुढे. आणि सळई एक्सलच्या उंचीवर, म्हणजे २४८ वर, त्या ओळंब्यापासून ६० मिलिमीटर आत असली पाहिजे, पुढे-मागे शून्य. दोन बिंदू जुळले की दोन्ही कोन आपोआप जुळतात, बाकी काही मोजायची गरज नाही. दुसऱ्या बाजूला तेच, आरशासारखं.

ह्यासाठी फ्रेम खऱ्या उंचीवर ठेवलेली हवी. मागचं चाक बसवा, मुख्य बीमखाली विटा-फळ्या देऊन तो लेव्हलला आणा, बीमची मध्यरेषा फरशीवरच्या खडूच्या रेषेवर ओळंब्याने जुळवा. क्रॉस बीमचे, म्हणजे मुख्य बीमपासून दोन्ही हेड ट्यूबकडे आडव्या जाणाऱ्या पाइपचे, दोन हात कापून हेड ट्यूबला तोंड मिळवून घ्या. फट मोठी राहिली तर वेल्ड थंड होताना पाइप ओढून घेतो आणि अर्धा-एक अंश तिथेच गेला.

आधी फक्त टॅक. प्रत्येक जोडाला तीन-चार ठिपके, मग परत मोजा, प्रत्येक हेड ट्यूबच्या वरच्या टोकापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा, फरक दोन मिलिमीटरच्या वर असेल तर टॅक तोडा. ग्रिलवाला घाई करेल, साहेब होतंय बरोबर म्हणेल, त्याला चहा द्या आणि मोजत राहा. पक्कं करताना एका बाजूचा जोड पूर्ण न भरता डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, मध्ये थंड होऊ देत, असं करायला सांगा. सळया तोपर्यंत आतच असू द्या. मिग वेल्डिंग असेल तर उत्तम. साध्या आर्कने दोन मिलिमीटर पाइप अडीचच्या रॉडने होतो, पण हेड ट्यूब त्याहून पातळ असते, तिथे भोक पाडतील, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घ्या.

रॉड आणि हँडल

हँडल किंगपिनवरच थेट लावता येतं, तो सगळ्यात सोपा प्रकार, पण नवशिक्याला फार चपळ वाटतो. मी सीटखालचं एकच हँडल सुचवतो. मुख्य बीमवर एक पिव्होट, त्यावर यू आकाराचं हँडल, त्याच्या छोट्या आर्मपासून एक रॉड एका बाजूच्या किंगपिनच्या आर्मला, आणि दोन्ही किंगपिनचे आर्म एकमेकांना जोडणारा दुसरा लांब रॉड. किंगपिनचा आर्म ९० मिलिमीटर आणि हँडलचा ६० ठेवला की हँडल ४५ अंश फिरवल्यावर चाक साधारण ३० वळतं, वेगात बारीक हालचालीने ट्राइक उसळत नाही. हँडलचा रॉड लांब रॉडला जमेल तेवढा समांतर असू द्या.

लांब रॉडच्या एका टोकाला सुलटा आणि दुसऱ्या टोकाला उलटा आटा हवा. मग रॉड नुसता जागेवर फिरवला की लांबी बदलते. एम ८ चा आटा १.२५ मिलिमीटरचा असतो. दोन्ही टोकं सुलटी असतील तर रॉड एंड काढून अर्धा फेरा फिरवून परत लावावा लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या फेऱ्याने रिमजवळ जवळपास तीन मिलिमीटरचा फरक पडतो. आपल्याला सेटिंगच एक-दोन मिलिमीटरचं करायचंय.

सगळीकडे नायलॉक नट, रॉड एंडला चेकनट, आणि रॉड एंडचा बोल्ट शक्य तिथे दोन पट्ट्यांमध्ये धरलेला.

जोडून झालं की चाकं उचलून अकरमन तपासा. आतलं चाक ३० अंश वळवा, बाहेरचं २३ च्या आसपास आलं पाहिजे. २० ला साडेसोळा. बाहेरचं जास्त येत असेल तर आर्म अजून आत वळवायला हवेत. तीस अंशांवर बाहेरच्या चाकाचं वर्तुळ साधारण सव्वापाच मीटर व्यासाचं होतं, साडेपाच मीटरच्या गल्लीत एका दमात वळते. तीसच्या पुढे चाक मांडीला किंवा सीटला घासतं का बघा आणि तिथे स्टॉपर वेल्ड करा.

बाकीचं थोडक्यात

चेन साध्या सायकलच्या तिप्पट लागते, तीन चेन जोडा. ताणाची चेन ज्या पुलीवरून जाते तिच्यावर पायाचा पूर्ण जोर येतो, तिथे डिरेलरची छोटी पुली चालत नाही, ६०८ बेअरिंगचं स्केटबोर्डचं चाक खाचा पाडून चालतं. परतीच्या चेनला नुसती प्लास्टिकची नळी पुरे. ब्रेक दोन, दोन्ही पुढे, लिव्हर एक-एक हाताला. मागे तिसरा लावायचा तर फक्त पार्किंगचा लावा, ही तीनचाकी स्टँड नसल्यामुळे उतारावर आपली आपण निघून जाते. सीटला पाइपची चौकट आणि नायलॉनचे पट्टे, खुर्च्या विणणाऱ्याकडून करून घेतले तर उत्तम. बूमची लांबी आणि सीटची जागा आधी नीट जमवा, पाय पूर्ण सरळ होऊन टाच पेडलवर टेकते तिथे थांबा, आणि पायाची टाच क्रॉस बीमला लागत नाही ना ते उलट पेडल मारून बघा.

टो-इन

चाकात हवा सारखी, माणूस सीटवर बसलेला, हँडल सरळ बांधलेलं. दोन्ही टायरांच्या आतल्या बाजूला एक्सलच्या उंचीवर पुढच्या टोकाला खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. मग ट्राइक पुढे ढकला, चाक अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या बाजूला एक्सलच्या उंचीवर येतील, परत मोजा. त्याच खुणा वापरायच्या म्हणजे रिम थोडी आऊट असली तरी फरक पडत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी हवं. आर्म मागे असल्यामुळे रॉड लांब केला की टो-इन वाढतं. पुढचं अंतर जास्त, म्हणजे टो-आउट, हे मुळीच नको, ट्राइक रस्त्यावर भटकत जाते.

पहिली चक्कर आणि रोगनिदान

रविवारी सकाळी रिकामं पार्किंग गाठा. आधी कोणालातरी मागून चालत्या वेगाने ढकलायला सांगा, तुम्ही हँडल सोडा, सरळ जाते का? मग दहाच्या वेगाने आठचा आकडा, मग एक एक ब्रेक वेगवेगळा दाबून बघा, मग पंचवीस. लगेच डोंगरउतारावर नेऊ नका.

एका बाजूला जात असेल तर आधी टायरची हवा, मग घासणारा ब्रेक, मग मागचं चाक उभं आहे का हे बघा, कॅस्टरला शेवटी दोष द्या. एकच ब्रेक दाबल्यावर जोरात ओढत असेल तर किंगपिनची रेषा टायरच्या मध्यात पडत नाहीये, हबमागे वॉशर घालून किंवा काढून चाक चार-पाच मिलिमीटर सरकवता येतं का बघा. तीसच्या वेगाला थरथर येत असेल तर हेडसेट (हेड ट्यूबच्या कोन-कटोऱ्या) आणि रॉड एंडमधला लूजपणा, पुढचा ब्रेक दाबून धरून चाक हाताने हलवलं की लगेच कळतं. पेडलच्या प्रत्येक जोरासरशी डावीउजवीकडे डुलत असेल तर बहुतेक वेळा हँडल गच्च धरलेलं असतं, ढिलं धरा, तरीही डुलली तर बूम किंवा क्रॉस बीम लवतोय. टायरच्या एका कडेला बोट फिरवलं तर करवतीसारखे दात लागत असतील तर टो-इन चुकलंय. वळवायला जड असेल तर आधी हवा बघा, मग कॅस्टर, मग गच्च आवळलेल्या कोन-कटोऱ्या.

खड्ड्याचं सांगतो, दोन चाकी सायकल चुकवते तसा खड्डा ही चुकवत नाही, तीन चाकं तीन रेषांत जातात, एक चुकवला की दुसरं चाक जातं, म्हणून पावसाळ्यात पुढे जास्त लांब बघत चालवायची सवय लावा. मोटर लावायची असेल तर २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली बघा, त्यापुढे ती कायद्याने मोटार वाहन ठरते. आरसा दोन्ही बाजूंना, मागे लाल दिवा दिवसाही चालू, आणि डोक्याच्या वर जाणारा झेंडा, निदान दीड मीटरच्या काठीवर. रंग पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतरच मारा, तोपर्यंत हेड ट्यूब आणि क्रॉस बीमच्या वेल्डजवळ केसासारखी रेघ दिसते का ते दर फेरीनंतर बघत राहा, रंगाखाली ती दिसत नाही. दिसली तर वरून परत वेल्ड मारू नका, ती पूर्ण कापून, आतून त्रिकोणी पट्टी देऊन मगच भरून घ्या.